नळी, पट्टा आणि पाच मिनिटं



महिन्याभरापूर्वी या व्याख्यानमालेच्या कार्यकर्त्यांचा फोन आला आणि त्यांनी व्याख्यानाचा विषय विचारला. मी म्हटलं, "स्टेथोस्कोप, बीपीचं मशीन, थर्मामीटर, असलं काहीतरी." पलीकडे जरा शांतता. मग अगदी अदबीनं प्रश्न आला, "डॉक्टरसाहेब, रोबोटिक सर्जरीवर काही जमेल का? तरुण मंडळी येतील." मी नाही म्हटलं. तरीही आज सभागृह बऱ्यापैकी भरलंय, तेव्हा तरुणांनी मला माफ केलं असं धरून चालतो.

ज्या डॉक्टरांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांचं टेबल इथल्या जुन्या मंडळींच्या डोळ्यांसमोर असेल. लहानपणी आईचं बोट धरून मी त्या टेबलासमोर अनेकदा उभा राहिलोय. एका कोपऱ्यात लांबट पेटी असायची. झाकण उभं केलं की आत काचेची नळी, शेजारी आकड्यांची पट्टी आणि तळाशी चमकणारा पारा. डॉक्टर रबरी फुगा दाबायचे, फुस्स फुस्स आवाज व्हायचा आणि पारा टप्प्याटप्प्यानं वर चढायचा. मला त्यातलं काही कळत नव्हतं. पण एक गोष्ट लक्षात राहिली. पारा खाली उतरत असताना डॉक्टर कुणाशी बोलत नसत. कंपाउंडरनं आत डोकावलं तरी डावा हात वर करून ते त्याला थांबवत. त्या गप्प बसण्याचा अर्थ मला पुढे पंधरा वर्षांनी कळला. आज बोलायचंय ते त्याबद्दलच.

सुरुवात हातापासून करू, कारण पहिलं उपकरण तेच. आयुर्वेदात रोग्याच्या परीक्षेचे तीन मार्ग सांगितलेत: दर्शन, स्पर्शन आणि प्रश्न. बघायचं, हात लावायचा, विचारायचं. नाडीपरीक्षेला आपण फार प्राचीन समजतो, पण चरक-सुश्रुतांच्या ग्रंथांत तिला स्वतंत्र स्थान नाही. ती आपल्याला सविस्तर भेटते ती मध्ययुगातल्या शार्ङ्गधरसंहितेत. म्हणजे वैद्यांनीही परीक्षेची साधनं शतकानुशतकं वाढवतच नेली. आम्हाला वैद्यकीय महाविद्यालयात इंग्रजीतून जो क्रम शिकवला, तो मराठीत सांगायचा तर बघणं, चाचपणं, ठोकणं आणि ऐकणं. यातलं ठोकणं तुम्हा सगळ्यांना येतं. उन्हाळ्यात माठ घ्यायला गेलात की बोटानं टिचकी मारून बघता. खणखणीत वाजला तर घेता, बद्द वाजला तर कुठेतरी चीर आहे म्हणून परत ठेवता. छातीचंही तसंच आहे, फरक इतकाच की माठाची चीर ऐकायची असते आणि छातीतलं पाणी.

ही कल्पना वैद्यकात आणली लेओपोल्ड आउएनब्रुगर या ऑस्ट्रियन डॉक्टरनं. ग्राझ गावातल्या एका खाणावळवाल्याचा हा मुलगा. तळघरातल्या पिंपात वाइन किती उरलीय हे बाहेरून ठोकून ओळखतात, ते त्यानं घरीच पाहिलं असणार, असं सांगतात. व्हिएन्नातल्या लष्करी रुग्णालयात काम करताना त्यानं रुग्णांच्या छातीवर बोटांनी ठोकून आवाज टिपले. प्रेतांच्या छातीत पाणी भरून पुन्हा ठोकून पाहिलं आणि १७६१ साली लॅटिनमध्ये एक छोटंसं पुस्तक काढलं. त्याकडे जवळजवळ कुणी लक्ष दिलं नाही. गाण्याचा कान असलेला माणूस होता तो. सालिएरीच्या एका ऑपेरासाठी त्यानं संहिताही लिहिली होती. मला वाटतं, ज्याला सुरातला फरक कळतो त्यालाच छातीतला कळावा, हे साहजिक आहे. पुढे १८०८ साली नेपोलियनचा डॉक्टर कोर्व्हिझार यानं त्या पुस्तकाचं फ्रेंच भाषांतर केलं, तेव्हा कुठे युरोप छाती ठोकायला लागला. आउएनब्रुगर पुढच्याच वर्षी वारला.

आता हे प्रत्यक्षात करतात कसं? डाव्या हाताचं मधलं बोट बरगड्यांच्या मधल्या जागेत घट्ट टेकवायचं, बाकीची बोटं उचललेली. उजव्या हाताचं मधलं बोट वाकवून, मनगटातून, डाव्या बोटाच्या पेरावर एकदाच मारायचं आणि लगेच उचलायचं. बोट तिथेच रेंगाळलं की आवाज मरतो. तबलजींना हे सांगावं लागत नाही. निरोगी फुप्फुसावर आवाज पोकळ येतो, यकृतावर बद्द येतो आणि फुप्फुसाभोवती पाणी साठलं असेल तर भिंतीवर बोट मारल्यासारखं वाटतं. तो फरक कानापेक्षाही खाली टेकवलेल्या बोटाला आधी कळतो. आपल्याकडे क्षयानं छातीत पाणी होणं काही दुर्मीळ नाही. एक्स-रे येईपर्यंत पाणी कुठवर चढलंय हे पेन्सिलीनं पाठीवर आखून दाखवणारे शिक्षक मला लाभले. एक्स-रे आला की ते आमच्याकडे बघून फक्त भुवई उडवायचे.

याच कोर्व्हिझारच्या हाताखाली शिकलेला एक काटकुळा डॉक्टर म्हणजे रेने लाएनेक. १८१६ साली पॅरिसच्या नेकेर रुग्णालयात त्याच्यापुढे हृदयविकाराची लक्षणं असलेली एक तरुणी आली. शरीरानं स्थूल, त्यामुळे चाचपून आणि ठोकून फारसं हाती लागेना. त्या काळात डॉक्टर थेट छातीला कान लावत, पण रुग्ण तरुण स्त्री असल्यानं ते प्रशस्त दिसेना. लाकडी वाशाच्या एका टोकाला टाचणीनं खरवडलं तर दुसऱ्या टोकाला कान लावणाऱ्याला स्पष्ट ऐकू येतं, हे त्याला आठवलं. त्यानं कागदांची सुरळी केली, एक टोक तिच्या छातीवर आणि दुसरं स्वतःच्या कानाला. हृदयाचे ठोके थेट कान लावून ऐकू येतात त्याहून स्वच्छ ऐकू आले. पुढे त्यानं स्वतः लाकूड कातून साधारण फूटभर लांबीची नळी बनवली. तीन वर्षं रुग्ण तपासले, ऐकलेले आवाज आणि शवविच्छेदनात दिसलेले अवयव एकमेकांशी ताडून पाहिले आणि १८१९ साली ग्रंथ काढला. १८२६ साली लाएनेक क्षयानं गेला, पंचेचाळिसाव्या वर्षी. त्यापूर्वी पुतण्यानं त्याच नळीनं त्याची छाती तपासली आणि काय ऐकू येतंय ते सांगितलं. ती वर्णनं लाएनेकच्याच पुस्तकातली होती. त्याला निदान वेगळं सांगावं लागलं नाही.

दोन कानांत घालायची नळी १८५० नंतर आली. हल्लीच्या स्टेथोस्कोपला छातीवर टेकवायला दोन तोंडं असतात. सपाट पडद्याचं तोंड घट्ट दाबायचं, त्यातून उंच पट्टीतले आवाज येतात. वाटीसारखं तोंड हलकं टेकवायचं, ते खर्जातल्या आवाजांसाठी. वाटी दाबून धरली की तिच्याखालची कातडीच ताणून पडदा बनते आणि खर्ज हरवतो. लहानपणी सांधेदुखीचा ताप येऊन हृदयाची झडप अरुंद झालेल्या बायका आपल्या सरकारी रुग्णालयांत आजही येतात. त्यांच्या छातीतली ती मंद, जात्यासारखी घरघर ऐकायची तर बाईंना डाव्या कुशीवर वळवायचं, वाटी हलकेच टेकवायची आणि खोलीतला पंखा बंद करायचा. ओपीडीतला पंखा बंद करा म्हटलं की रांगेतले लोक आमच्याकडे कसे बघतात, ते इथे सांगत नाही.

बीपीकडे वळतो. पट्ट्यानं दंड आवळून दाब मोजायची रीत इटलीतल्या तोरिनोच्या शिपिओने रिव्हा-रोच्ची यानं १८९६ साली आणली. सायकलच्या ट्यूबचं रबर, पाऱ्याची नळी आणि हवा भरायचा फुगा, बस. त्याचा पट्टा जेमतेम पाच सेंटिमीटर रुंद होता, त्यामुळे आकडा खऱ्यापेक्षा जास्त यायचा. १९०१ साली फोन रेक्लिंगहाउझेन या जर्मन डॉक्टरनं ते ओळखून पट्टा रुंद केला. रिव्हा-रोच्ची मनगटावरची नाडी चाचपत असे, म्हणून त्याला फक्त वरचं बीपी कळायचं. खालचं बीपी मिळालं ते १९०५ साली, सेंट पीटर्सबर्गच्या निकोलाय कोरोत्कोव्ह या सर्जनमुळे. पट्टा आवळल्यावर कोपराच्या खळगीत, धमनीवर, त्यानं नळी ठेवली आणि हवा हळूहळू सोडली. आधी काही नाही. मग अचानक टक्, टक्. मग आवाज मऊ झाला आणि नाहीसा झाला. पहिली टक् ऐकू आली तो आकडा वरचा, आवाज संपला तो खालचा. हा शोध त्यानं तीनशेहून कमी शब्दांत मांडला. आमच्याकडचे प्रबंध पाहता ही कामगिरीही शोधाइतकीच मोठी म्हणावी लागेल. तोही १९२० साली क्षयानंच गेला.

डॉक्टर हात वर करून कंपाउंडरला का थांबवायचे, ते आता लक्षात आलं असेल. ती पहिली टक् बारीक असते. पारा दर सेकंदाला दोनेक मिलिमीटर उतरतो. कुणी "साहेब, चहा?" म्हटलं की पाच-दहा मिलिमीटर हातचे गेले. पण गप्प राहायचं ते डॉक्टरच्या कानासाठीच असं नाही. रुग्ण बोलत असला तर त्याचा दाब खरोखरच चढतो. पायावर पाय टाकून बसला तरी चढतो, लघवी तुंबलेली असली तरी चढतो, पाठीला टेका नसला, हात लोंबकळत हृदयाच्या खाली राहिला तरी आकडा चढतो. म्हणून नियम असा: रुग्णानं पाच मिनिटं शांत बसायचं, पाठ टेकलेली, पाय जमिनीवर सपाट, हात टेबलावर हृदयाच्या उंचीला. पट्टा उघड्या दंडावर. मग मोजायचं, मिनिटभर थांबायचं, पुन्हा मोजायचं. पहिल्या वेळी दोन्ही हातांवर.

आता हिशेब करा. जगभरातल्या डॉक्टरांच्या तपासणीचा सरासरी वेळ २०१७ साली एका अभ्यासात मांडला गेला. त्यात भारताच्या नावापुढे सुमारे दोन मिनिटं होती. नुसतं शांत बसायलाच पाच मिनिटं लागणारी गोष्ट आपण दोन मिनिटांच्या भेटीत बसवतो. जिना चढून आलेल्या माणसाची बाही वर सरकवून, "काय होतंय?" विचारता विचारता पट्टा आवळतो आणि जो येईल तो आकडा कागदावर लिहितो. त्या आकड्यावर माणूस जन्मभर गोळी खातो.

हे मी दुसऱ्या कुणाला सांगत नाही. नोकरीच्या तिसऱ्या वर्षी एका मावशी आल्या. धडधाकट, शेतात राबणाऱ्या, दंड भरदार. आमच्याकडे पट्टा एकच, मधल्या मापाचा. तो त्यांच्या दंडाला कसाबसा पुरला. वेल्क्रोचं टोक सुटत होतं, ते मी अंगठ्यानं दाबून धरलं. आकडा आला १७० वर १००. मी गोळी दिली, पंधरा दिवसांनी दुसरी वाढवली. "चक्कर येतीय डॉक्टर," असं त्या म्हणाल्या होत्या. सुरुवातीला तसं होतं, असं मी उत्तर दिलं. महिन्याभरानं पहाटे न्हाणीत पडल्या आणि मनगट मोडून घेऊन आल्या. त्या दिवशी योगायोगानं शेजारच्या वॉर्डातून मोठा पट्टा मिळाला. बीपी होतं ११० वर ७०, म्हणजे माझ्या दोन गोळ्यांच्या जोरावर आलेलं. गोळ्या थांबवल्या, सहा आठवड्यांनी पुन्हा मोठ्या पट्ट्यानं मोजलं. १३४ वर ८४. त्यांना माझ्या औषधाची गरजच नव्हती. रिव्हा-रोच्चीच्या अरुंद पट्ट्याची चूक १९०१ साली सापडली होती, ती मी ऐंशी वर्षांनी पुन्हा केली. मावशींनी मला एका शब्दानं दोष दिला नाही. उलट जाताना विचारलं, "आता रोज यायचं नाही ना?" २०२३ साली अमेरिकेत झालेल्या एका अभ्यासात, ज्यांना सगळ्यात मोठा पट्टा लागतो त्यांना नेहमीचा पट्टा बांधला तर वरचं बीपी जवळजवळ २० मिलिमीटर जास्त येतं असं आढळलं. ते वाचताना मला ते सुटणारं वेल्क्रो आठवलं.

तरीही हा पट्टा आला म्हणून किती उजेड पडला, तेही सांगितलं पाहिजे. सर्पगंधा ही वनस्पती आपल्याकडे झोपेसाठी, वेडावर पूर्वीपासून वापरात होती. तिनं रक्तदाब उतरतो हे बघायचं तर आधी रक्तदाब मोजता यायला हवा. १९३१ साली कोलकात्याच्या सेन आणि बोस यांनी ते नोंदवलं. मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनी रुग्णांवर पद्धतशीर प्रयोग करून १९४९ साली ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये निबंध प्रसिद्ध केला आणि जगाचं लक्ष तिकडे वळलं. १९५७ साली त्यांना लास्कर पुरस्कार मिळाला. जंगलातली मुळी तीच होती, मधल्या काळात पाऱ्याची नळी आली होती.

थर्मामीटर, हातोडी, टॉर्च यांच्यावर स्वतंत्र व्याख्यानं होतील, मी घाईनं जातो. १८६० च्या दशकापर्यंत थर्मामीटर फूटभर लांब असे आणि वीस मिनिटं धरून बसावं लागे. क्लिफर्ड ऑल्बट या इंग्रज डॉक्टरनं तो खिशात मावेल इतका केला आणि वेळ पाच मिनिटांवर आणला. आपल्या घरांत अजूनही उन्हाळा सेल्सिअसमध्ये आणि ताप फॅरनहाइटमध्ये मोजतात, बाहेर चाळीस आणि अंगात एकशेदोन. याचा उलगडा मला झालेला नाही. हातोडीनं गुडघ्याखाली मारलं की पाय उडतो, हा खेळ लहान मुलांना आवडतो. पण ती हातोडी उलटी धरून, मागच्या टोकानं तळपायाला टाचेपासून बोटांकडे ओरखडलं आणि अंगठा खाली न वळता वर उठला, तर मेंदूकडून येणारी वाट कुठेतरी तुटलीय. हे बाबिन्स्कीनं १८९६ साली सांगितलं, रिव्हा-रोच्चीच्याच वर्षी. हातोडी नसली तर किल्लीही चालते. माझ्या स्कूटरच्या किल्लीनं मी पक्षाघाताची निदानं केली आहेत.

एका उपकरणापाशी मात्र मला थांबायचंय, कारण ते आपल्या मातीतलं आहे. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी 'सर्च' संस्थेमार्फत बालमृत्यूंवर काम सुरू केलं. न्यूमोनियानं मुलं दगावत होती आणि जवळ डॉक्टर नव्हते. न्यूमोनिया ओळखायला स्टेथोस्कोपच लागतो असं नाही, मूल मिनिटाला किती श्वास घेतं ते मोजलं तरी बरंच कळतं. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाला ६० किंवा अधिक, वर्षाच्या आतल्याला ५० किंवा अधिक श्वास लागले तर धोका. पण गावातल्या ज्या सुईणींच्या हाती हे काम द्यायचं, त्यांना इतके आकडे मोजता येत नव्हते. मग एक साधा फळीवजा मोजक तयार झाला. त्यात मिनिटभर चालणारी वाळूची घडी आणि मण्यांच्या दोन ओळी, एक तान्ह्यांसाठी, दुसरी मोठ्या बाळांसाठी. घडी उलटी करायची, बाळाच्या पोटाकडे बघायचं, दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत लाल मण्यापर्यंत पोचलात तर न्यूमोनिया समजून औषध सुरू. आकडे मोजण्याची अडचण मण्यांनी सोडवली. पण बाळ रडत असताना किंवा दूध पीत असताना मोजायचं नाही, अंगावरचं झबलं वर करायचं आणि पुरं एक मिनिट नजर हलवायची नाही, हे त्या सुईणींनाच करावं लागे. त्यांनी ते केलं. न्यूमोनियानं होणारे मृत्यू घटले आणि तो अहवाल १९९० साली 'लॅन्सेट'नं छापला. मोठ्या रुग्णालयात श्वासांचा रकाना बघा. वॉर्डभर सगळ्यांचे श्वास वीस किंवा बावीस लिहिलेले असतात. कुणी मोजलेलेच नसतात. या कामात गडचिरोलीच्या सुईणींचा हात आमच्यातल्या अनेक एमडींना धरता येणार नाही, हे मी जबाबदारीनं बोलतो.

कोविडच्या काळात आणखी एक उपकरण घरोघर पोचलं. बोटाला लावायचा ऑक्सिमीटर, मूळ कल्पना जपानच्या ताकुओ आओयागी यांची, १९७० च्या दशकातली. २०२० च्या पावसाळ्याअखेरीस 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' मोहिमेत आशाताई तो घेऊन दारोदार फिरल्या आणि ९४ हा आकडा महाराष्ट्राला पाठ झाला. त्यालाही शिस्त लागते: बोट गरम हवं, नखाला रंग नको, हात हलता नको आणि पहिला आकडा दिसला की काढून टाकायचा नाही, तो स्थिर होऊ द्यायचा. त्याच वर्षीच्या डिसेंबरात अमेरिकेतल्या एका अभ्यासानं दाखवलं की काळ्या रुग्णांमध्ये हे यंत्र धोक्याची घसरण गोऱ्यांपेक्षा जवळजवळ तिप्पट वेळा चुकवतं. आपल्या सावळ्या बोटांनी ही गोष्ट मनात धरावी आणि आकडा ९५ असला तरी धाप लागलेल्या माणसाला घरी बसवू नये.

पारा आता जातोय. जपानमधल्या ज्या मिनामाता गावात पाऱ्याच्या विषानं माणसं मेली, त्याच्या नावानं २०१३ साली आंतरराष्ट्रीय करार झाला आणि २०१८ साली भारतानं तो मान्य केला. त्याचं मला वाईट वाटत नाही. चांगल्या प्रतीचं, तपासून घेतलेलं डिजिटल यंत्र बीपीला पुरेसं आहे आणि त्याला चहा विचारला तरी ते विचलित होत नाही. ज्याच्या दंडाला ते बांधलंय, तो मात्र होतो.

तरुण डॉक्टरांपैकी कुणी इथे असतील तर त्यांच्याशी माझं बोलणं खाली चहाच्या वेळी होईल, ते चारचौघांत करण्याजोगं नाही. बाकीच्यांना एवढंच सांगतो. यापुढे बीपी मोजून घ्यायला जाल तेव्हा आधी लघवीला जाऊन या. पाच मिनिटं बाहेरच्या बाकावर गप्प बसा, मोबाइल खिशात. आत गेल्यावर बाही वर सरकवू नका, ती दंडाला दुसऱ्या पट्ट्यासारखी आवळते. हात बाहीतून सरळ बाहेर काढा. पट्टा अपुरा पडत असेल तर मोठा मागा. आणि डॉक्टर "काय होतंय?" असं विचारत पट्टा आवळायला लागले, तर उत्तर देऊ नका. पट्टा सुटल्यावर सांगा.